दवाखान्यात न्यायचं पुस्तक: आधी हात बघा, मग आवड

हर्नियाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ‘व्यक्ती आणि वल्ली’ उघडलं. जवळजवळ पाठ असलेलं पुस्तक, म्हटलं डोक्याला ताप नाही. ‘नारायण’ काढला आणि दीड पानातच टाक्यांनी असा हिसका दिला की डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर धावत आल्या. “दुखतंय? इंजेक्शन देऊ?” मला बोलता येईना, म्हणून पुस्तकाकडे बोट दाखवलं. त्यांनी पायथ्याची उशी उचलून माझ्या पोटावर ठेवली, माझे दोन्ही हात तिच्यावर दाबले आणि म्हणाल्या, “खोकताना असं धरायचं म्हणून काल शिकवलं ना? हसतानाही तसंच. आणि हे परवापर्यंत मिटून ठेवा.”

माझी निवड चुकली ती आवडीत नव्हे. टाके कुठे आहेत याचा विचारच केला नव्हता. गेल्या काही वर्षांत वडिलांची बायपास, आईचं डायलिसिस आणि हे माझं हर्निया, असे बरेच दिवस वॉर्डात गेले. पुस्तकांच्या पिशव्या भरून नेल्या आणि तशाच परत आणल्या. त्यातून एवढं कळलं की घरी आपण आवडीप्रमाणे पुस्तक निवडतो, दवाखान्यात मात्र आधी पेशंटचा हात, डोळा आणि टाके बघायचे, आवड त्यानंतर.

ॲडमिट होण्याआधी विचारायचं ते

ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर डॉक्टरांना किंवा सिस्टरना तीन गोष्टी विचारून ठेवा. किती दिवस राहावं लागेल? त्यातले किती दिवस उताणं झोपायचं आणि कधीपासून टेकून बसता येईल? आणि सलाईन कुठल्या हाताला लावणार? तिसरा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण वाचणाऱ्यासाठी तोच महत्त्वाचा. सुई मनगटाजवळ किंवा कोपराच्या वळणात असली की हात वाकवला रे वाकवला की सलाईन अडतं, पंप असेल तर तो बोंबलायला लागतो. “मी उजव्या हाताने सगळं करतो, शक्य असलं तर डाव्याला लावा” एवढं सुरुवातीलाच सांगितलं तर बहुतेक सिस्टर ऐकतात. शीर सापडली नाही तर त्यांचाही इलाज नसतो. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला असेल तर तो तर्जनीऐवजी दुसऱ्या बोटाला चालेल का, तेही विचारा. तर्जनीला चिमटा असला की ना पान उलटत, ना मोबाइलचा पडदा सरकत.

आणि चष्मा. पुस्तकं आठवणीने नेली आणि वाचायचा चष्मा घरी टीव्हीवर राहिला, हे आमच्याकडे दोनदा घडलं. जुना, जेमतेम चालणारा जोड नेलात तर उत्तम. दवाखान्यात चष्मे उशीखाली दबतात, नाहीतर चादरीबरोबर धुलाईला जातात.

पुस्तक वजनकाट्यावर ठेवा

हे मी अक्षरशः करतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्यायचा आणि पुस्तक ठेवायचं. साधारण २५० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक आजारी माणसाला एका हाताने थोडा वेळ धरता येतं. ४०० च्या पुढे गेलं की ते उशीवर ठेवून वाचावं लागतं आणि अर्धा किलोच्या वरचं पुस्तक फक्त लॉकरवर शोभतं. ‘मृत्युंजय’ची सातशेच्या वर पानं आहेत. कितीही जीव असला त्याच्यावर, तरी उताणं पडून ते छातीवर उभं धरून बघा. बायपासमध्ये छातीचं हाड कापून पुन्हा तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर छातीवर जाडजूड पुस्तक टेकवायचा प्रश्नच येत नाही.

वजनासोबत बांधणीही बघा. नवंकोरं, घट्ट चिकटवलेलं पुस्तक एका हातात उघडं राहत नाही, दर वेळी मिटतं. ‘बनगरवाडी’सारखी छोटी कादंबरी, तीही घरातली, दहा जणांनी वाचून मऊ झालेली प्रत असेल तर फार सोयीची. वापरलेलं पुस्तक आपण होऊन उघडं पडतं. वाळवीची भुकटी आणि बुरशीचा वास असलेली प्रत मात्र नको. केमोथेरपी किंवा ट्रान्सप्लांटमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खाली गेली आहे त्यांच्याजवळ तर नकोच. त्यांना नवीन प्रत द्या, कव्हर पुसून.

वर्तमानपत्राबद्दल थोडं. भेटायला येणारा प्रत्येक जण ते घेऊन येतो. एका हाताला सलाईन असताना ते पूर्ण उघडून वाचायचा प्रयत्न एकदा करून बघा, चादर वाळत घालावी तसं होतं. शिवाय शाई चादरीला लागते आणि मावशी बोलतात ते वेगळं. न्यायचंच असेल तर शब्दकोड्याचं पान फाडून, घडी घालून न्या, सोबत पेन्सिल. पेन नको, उताणं पडून लिहिताना पेनाची शाई उतरत नाही.

पंचवीस मिनिटांचा हिशोब

दवाखान्यात दिवसभर पडूनच तर राहायचं असतं, वेळच वेळ, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला ताप बघायला कोणीतरी येतं. मग चहा, मग स्पंजिंग, चादर बदलायची, फरशी पुसायला मामा येतात आणि तुमचे फरशीवर नसलेले पायही वर घ्यायला सांगतात. रक्त घेणारा मुलगा, नाश्ता, गोळ्या, राऊंड, राऊंडनंतर “डॉक्टर काय म्हणाले” याची चर्चा, डाएटिशियन, जेवण. चार वाजले की भेटणारे. सलग पंचवीस मिनिटं मिळाली तर ती लॉटरी समजा.

म्हणून दवाखान्यातलं पुस्तक कुठेही सोडता आणि कुठूनही धरता आलं पाहिजे. दुकानात किंवा घरी कपाटासमोर एक सोपी चाचणी घ्या: पुस्तक मधोमध उघडा आणि ते पान वाचा. मागचं काही ठाऊक नसताना रस लागला तर घ्या. “हा रघुनाथ कोण?” असा प्रश्न पडला तर परत ठेवा.

या चाचणीला उतरणारी पुस्तकं मराठीत भरपूर आहेत, कारण व्यक्तिचित्र आणि ललित लेख ही आपली जुनी आवड. ‘माणदेशी माणसं’मधला एकेक माणूस एका बैठकीत भेटून जातो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून महिन्यामहिन्याने चालतं, एका दिवशी एक महिना, आणि खिडकीतून समोरची भिंतच दिसत असली तर त्यातली झाडं फार उपयोगी पडतात. मारुती चितमपल्लींचं जंगलही असंच तुकड्यातुकड्याने हिंडता येतं. वपुंचं ‘वपुर्झा’ तर गोष्टीविनाच आहे, कुठलंही पान पहिलं. माझा काही त्याच्यावर जीव नाही, पण आमच्या शेजारच्या कॉटवरच्या काकूंनी पाच दिवस त्याच्यावर काढले, तेव्हा मी गप्प बसतो. सुधा मूर्तींचे लेख मराठी अनुवादात मिळतात, शाळेनंतर पुस्तक हातात न धरलेल्या माणसालाही ते जमतात.

दिवाळी अंकही या कामाला चांगले, फक्त जाड अंक टाळा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने ही प्रथा सुरू केली तेव्हा कॉटवरच्या पेशंटचा विचार केला नसणार, पण कथा, लेख, व्यंगचित्र, कविता अशी सरमिसळ आजाऱ्याच्या लक्षाला मानवते. गेल्या वर्षीचा अंक असला तरी चालतो, भविष्याची पानं तेवढी वगळायची.

वडिलांच्या बाबतीत हे सगळं शहाणपण वाया गेलं. बायपासनंतर चौथ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. मी निवडून, वजन करून तीन पुस्तकं नेली होती. त्यांनी तिन्ही बाजूला सारली आणि म्हणाले, “घरातलं मागच्या वर्षीचं कालनिर्णय आण.” मला वाटलं भूल अजून उतरली नाही. पण त्यांना हवी होती ती पानांची मागची बाजू, तिथले लेख आणि पाककृती. वर्षभर भिंतीकडे तोंड करून होते, वाचायचे राहून गेले, असं त्यांचं म्हणणं. कागद हलका, एका पानात विषय संपतो. रोज एक महिना याप्रमाणे ते जूनपर्यंत पोचले आणि डिस्चार्ज मिळाला. जून महिन्याच्या मागे लोणच्याची कृती होती, ती त्यांनी डाएटिशियनना वाचून दाखवली.

कुठल्या दिवशी काय

ऑपरेशनच्या आदल्या रात्री नवीन पुस्तक सुरू करू नका, डोळे ओळींवरून नुसते फिरतात. आधी वाचलेलं, शेवट माहीत असलेलं काहीतरी घ्या. पूर्ण भूल दिली असेल तर त्यानंतरचे चोवीस तास वाचनाचे नाहीतच. त्या काळात वाचलेलं आठवतही नाही. वेदनाशामक औषधांनी गुंगी येते, कुणाला मळमळते, आणि मळमळत असताना बारीक अक्षराकडे बघितलं की आणखी वाढते. पुस्तक लॉकरवर राहू दे, दिसत राहिलं तरी पुरे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच-सात पानांचे तुकडे. पोटाचं ऑपरेशन किंवा सिझेरियन झालं असेल तर विनोदी पुस्तक हळूहळू, उशी जवळ ठेवून. चि. वि. जोशींचा चिमणराव आणि गुंड्याभाऊ मिरासदारांच्या कथांपेक्षा टाक्यांना सोसतात, गालात हसवतात. हा माझा शास्त्रीय दावा नाही, स्वतःच्या पोटाचा अनुभव आहे.

रात्रीचं वेगळं गणित. काही औषधांनी झोप उडते, स्टेरॉइड त्यातलं नेहमीचं. अडीच वाजता टक्क जागं माणूस, वॉर्डात कुणाचं तरी कण्हणं, कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीचं चाक. अशा वेळी नारायण धारप किंवा मतकरींच्या गूढकथा उघडणाऱ्याच्या धैर्याला माझा नमस्कार. जी. एं.चं ‘काजळमाया’ मला प्राणप्रिय आहे आणि तरी मी ते घरीच ठेवतो. रात्रीसाठी प्रवासवर्णन, पक्ष्यांचं पुस्तक, अनिल अवचटांचं ‘छंदाविषयी’ असलं काही. उजेडासाठी पुस्तकाला अडकवायचा छोटा दिवा घ्या. मोठा दिवा लावलात तर शेजारच्या कॉटवरचे आजोबा उठतील आणि मग वाचन संपलं, त्यांची सर्व्हिसमधली कहाणी सुरू.

शेवट आधी तपासा

आवडतं म्हणून पुस्तक आणलं आणि त्यातलं दुखणं नेमकं पेशंटचंच निघालं, असं व्हायला नको. ‘स्वामी’ मराठीतली लाडकी कादंबरी. पण थोरले माधवराव त्यात क्षयाने झिजत जातात आणि १७७२ साली थेऊरला संपतात. छातीच्या वॉर्डात ती नेऊ नका. ‘कोसला’ तरुण मुलांना आवडते, त्यात पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग निरोग्यालाही सोसत नाही. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून झालं, बेचाळीस रात्रींत विभागलेलं आहे, म्हणजे बांधणी दवाखान्याला अगदी सोयीची. पण ती आई शेवटी जाते. स्वतःची आई शेजारच्या कॉटवर असताना ते वाचायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

डॉ. अरुण लिमये यांचं ‘क्लोरोफॉर्म’ वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवर आहे. जरूर वाचावं, पण घरी आल्यावर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते लॉकरवर दिसलं तर भूलतज्ज्ञ तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतील. उलट डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ वाचून डॉक्टरांच्या बाजूचा दवाखाना कळतो, आणि राऊंडला येणाऱ्या रेसिडेंट पोरांची दयाही येते. स्वतःच्या आजारावरचं पुस्तक पेशंटने मागितलं तरच द्या. पद्मजा फाटक यांनी आपल्या किडनी ट्रान्सप्लांटवर ‘हसरी किडनी’ लिहिलं. आईने ते आपण होऊन मागवलं आणि मिटक्या मारत वाचलं. तेच मी तिच्या हातात कोंबलं असतं तर तिने भिरकावलं असतं.

‘मनाच्या शक्तीने आजारावर मात’ छापाची पुस्तकं भेट देऊ नका. कॅन्सरच्या माणसाला त्यातून ऐकू येतं ते असं की तुझे विचार नीट असते तर ही वेळ आली नसती. देणाऱ्याच्या मनात तसं नसतं, हे मान्य. तरीही नको. द्राक्षाच्या रसाने, गोमूत्राने बरे होण्याची पुस्तकंही त्याच पिशवीत परत न्या.

डायलिसिस, डोळे, आयसीयू

डायलिसिसचं एक सेशन साधारण चार तासांचं, आठवड्यातून दोन-तीनदा. फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर जोडून तयार केलेला हात हलवायचा नाही, आणि दुसऱ्या हाताला मधूनमधून रक्तदाबाचा पट्टा आवळतो. म्हणजे वाचायला दीड हातसुद्धा नाही. आईसाठी आम्ही शेवटी ई-रीडर घेतला. दोनशे ग्रॅमच्या आत, मांडीवरच्या उशीला टेकवला की अंगठ्याने पान उलटतं आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. तेवढा खर्च नको असेल तर मोबाइलवर ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ची मराठी ई-पुस्तकं फुकट मिळतात. फाइल घरच्या वायफायवर उतरवून न्या, तळघरातल्या डायलिसिस युनिटमध्ये रेंज नसते. सेशनच्या शेवटच्या तासात बऱ्याच जणांना थकवा येतो, तेव्हा वाचायचं सोडून ऐकायचं.

मोतीबिंदूनंतर चष्म्याचा नवा नंबर सहसा चार ते सहा आठवड्यांनी देतात, तोवर जवळचं धूसर दिसलं तर घाबरू नका आणि घाईने चष्माही करू नका. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर काही दिवस तोंड खाली करून राहावं लागतं. डायबेटिसवाल्यांची साखर एकदम खालीवर झाली की डोळ्यातल्या भिंगाला सूज येते आणि कालपर्यंत वाचता येणारं पुस्तक आज पुसट दिसतं. हे डॉक्टरांच्या कानावर घाला, पण बहुधा चष्म्याचा दोष नसतो. या सगळ्यांसाठी कान आहेत. पुलं, माडगूळकर, शंकर पाटील, मिरासदार ही मंडळी मुळात कथा सांगणारी, त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं कथाकथन ध्वनिमुद्रित आहे. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात. इअरफोन वायरचे न्या, छोटे बिनवायरचे कॉटखाली घरंगळतात. आणि चार्जरला लांब वायर हवी. कॉटजवळचा सॉकेट नेहमी मशीनने अडवलेला असतो, मशीनचं प्लग काढायचं नाही, हे सांगायला लागू नये.

आयसीयूत पेशंटजवळ पुस्तक सहसा ठेवू देत नाहीत, आणि ठेवलं तरी त्याची वाचायची अवस्था नसते. पण भेटीच्या दहा मिनिटांत तुम्ही वाचून दाखवू शकता. तिथे दिवस-रात्र कळत नाही, म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, कुठे आहोत ते आठवत नाही. ओळखीचा आवाज, ओळखीचे शब्द यांचा आधार होतो. आधी वार आणि तारीख सांगा, मग वाचा. वडिलांना मी दासबोधाचा समास वाचून दाखवायचो. वीस दशकं, प्रत्येकात दहा समास, एक समास दहा मिनिटांत सहज होतो. ते धार्मिक नव्हते, पण लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं होतं. एका दिवशी मी ओवी चुकलो आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून त्यांनी दुरुस्त केली. तो दिवस मी कालनिर्णयवर लिहून ठेवला आहे. तुमच्या घरी हरिपाठ असेल, गजानन विजयचा अध्याय असेल, ‘विशाखा’मधली शाळेत पाठ केलेली कविता असेल. पेशंटच्या ओठांवर आधीपासून आहे ते वाचा.

मुलं

मुलांना नवं काही शिकवायची ही वेळ नाही. वयापेक्षा एक-दोन वर्षं लहान मुलांचं पुस्तक न्या, आजारपणात ती तशी होतात. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या दहा वर्षांच्या पोराला फास्टर फेणे किंवा बोक्या सातबंडे द्या, त्यांची धावपळ त्याला हवीच असते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, जुने अंक इंटरनेटवर वाचायला ठेवलेले आहेत. अगदी लहानांना माधुरी पुरंदरेंची चित्रपुस्तकं, पण मोठ्याने आणि एकच पुस्तक सतरा वेळा वाचायची तयारी ठेवा.

सोबत राहणाऱ्याचं पुस्तक

याचा विचार कुणी करत नाही. पेशंट निम्मा वेळ झोपतो, जागा असतो तो खुर्चीवर बसलेला नातेवाईक. तुम्हाला जाड कादंबरी चालेल, दोन्ही हात धड आहेत. फक्त इतकी रंगणारी नको की सलाईनची बाटली संपली तरी कळू नये. माझं तसं एकदा झालं होतं आणि सिस्टर जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुस्तकांची पिशवी तीनाच्या वर जाऊ देऊ नका, एक पेशंटचं, एक राखीव, एक तुमचं. ग्रंथालयाची प्रत शक्यतो टाळा, सूप सांडतंच. वाचून झालेली प्रत वॉर्डात ठेवायची असेल तर इन्चार्ज सिस्टरना विचारून द्या. काही ठिकाणी छोटं कपाट असतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोचवतात. तशी एखादी पेटी तुमच्या गावच्या दवाखान्यात यावी म्हणून चौकशी करायला हरकत नाही.

डिस्चार्जच्या सकाळी सगळे उत्साहाने सामान बांधतात आणि पुस्तकं पिशवीच्या तळाशी जातात. डॉक्टर दहाला “घरी जा” म्हणतात, मग फार्मसीचा हिशोब, मग फाइल विम्याचं काम बघणाऱ्या टीपीएकडे, मग मंजुरीची वाट. पेशंट शर्ट घालून, चपला पायात सरकवून कॉटच्या कडेला बसलेला, आणि दुपारचे चार वाजतात. त्या दिवशी पुस्तक सगळ्यात शेवटी भरा. चष्माही.